कापडाच्या गांवांतली वाकळ



सोलापूर म्हटलें कीं चादर आठवते. ज्या शहरानें शंभराहून अधिक वर्षें कापडावर पोट भरलें, त्याच्या नांवाला कापडाचा एखादा प्रकार कायमचा चिकटावा यांत नवल नाहीं. परंतु आज ज्या वस्त्राविषयीं बोलावयाचें आहे, तें कोणत्याहि गिरणींत विणलें गेलें नाहीं, आणि त्याच्यावर कोणत्याहि कारखान्याचा शिक्का कधीं उमटला नाहीं. तें वस्त्र म्हणजे वाकळ. पुण्याकडचे श्रोते तिला गोधडी म्हणतील. सोलापूरच्या दक्षिणेस कानडी मुलूख लागला कीं तीच कौदी होते. नांवें निरनिराळीं, वस्तु एकच : जुन्या कापडाचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्यानें एकजीव केलेलें अंथरूण किंवा पांघरूण. आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं ती माळ्यावर किंवा गाद्यांच्या घडीखालीं अजून असेल. पाहुणे यावयाचे असले म्हणजे तिच्यावर घाईघाईनें चादर पसरली जाते, हेंहि सर्वांना ठाऊक आहे.

वाकळ हा शब्द मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशांत आलेला आहे. सोलापुरांतली पहिली कापडगिरणी त्यानंतर वीस वर्षांनीं निघाली. म्हणजे यंत्रानें कापड स्वस्त केलें, चिंध्या वाढल्या आणि मग वाकळ आली, असा क्रम कोणी मनांत धरला असेल तर तो सोडून द्यावा. वाकळ आधींची, गिरणी मागाहूनची. गिरण्यांच्या इतिहासांत चात्या मोजल्या गेल्या, माग मोजले गेले, भांडवल आणि नफा यांचे आंकडे लिहिले गेले. त्याच गिरण्यांच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस उगवत असे, त्या घरांतल्या सुईचा हिशेब मात्र कोणी फारसा ठेवला नाहीं. तो आज थोडासा मांडून पाहूं.

आगगाडी सोलापुरास १८६० सालीं पोहोंचली. हातमागाचा धंदा तेथें त्याच्या आधींपासून होता. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं शहराच्या पूर्व भागांत वस्ती केली आणि तो वाढविला. १८७७ सालीं सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. पुढें १८९८ सालीं लक्ष्मी आणि १९०८ सालीं विष्णु या गिरण्या आल्या, तेव्हां लोक पहिलीला ‘जुनी गिरणी’ म्हणूं लागले आणि तेंच नांव तिला राहिलें. ही जुनी गिरणी निघाली तें वर्ष मुळीं दुष्काळाचें होतें. १८७६ ते १८७८ या काळांत दक्षिणेंत जो भयंकर दुष्काळ पडला, त्याच्या अगदीं मध्यावर सोलापूर जिल्हा होता. शेत सोडून आलेल्या माणसांना गिरणीचा दरवाजा हाच आसरा झाला.

आतां कोणी म्हणेल, जेथें कापड वारानें नव्हे तर मैलानें निघतें, तेथें कापडाची टंचाई कसली? परंतु विणणाराला मजुरी पैशांत मिळते, कापडांत नव्हे. आणि महिन्याच्या पैशांतून पहिला हक्क ज्वारीचा असतो. धान्य महागलें कीं गरीब माणूस सर्वांत आधीं कापड घेणें थांबवितो. जुनें आणखी एक वर्ष नेसतां येतें, जुनें खातां येत नाहीं. यामुळेंच दुष्काळांत शेतकऱ्याच्या पाठोपाठ विणकर उपाशी पडतो : त्याचा माग शाबूत असतो, सूत मिळतें, पण गिऱ्हाईक नाहींसें होतें. १८९६–९७ च्या दुष्काळांत लोकमान्य टिळक सोलापुरास गेले आणि व्यापाऱ्यांच्या साहाय्यानें विणकरांना काम मिळवून देण्याची योजना त्यांनीं आंखली, ती या कारणासाठींच. खेड्यांतल्या हजारों बायकांनीं त्या वर्षीं नवें लुगडें घेतलें नाहीं, हा त्या संकटाचा दुसरा अर्धा भाग. त्या बायकांनीं काय केलें? त्यांनीं दंड घातले.

दंड म्हणजे काय, हें आजच्या मुलींना सांगावें लागेल. नऊवारी लुगडें सर्वत्र सारखें झिजत नाहीं. बसतांना जेथें ताण पडतो, गुडघा जेथें टेंकतो, तेथें तें आधीं विरतें; पदर आणि दुसरें टोंक धड राहतें. तेव्हां मधला विरलेला भाग कापून काढावयाचा आणि दोन्ही चांगले तुकडे एकमेकांना जोडावयाचे. त्या जोडाला दंड म्हणतात. लुगडें वार-दीड वार आंखूड होतें, पण वर्षभर निभावतें. घरांत दोन लुगडीं एकदम जुनीं झालीं तर एकाचें चांगलें अंग दुसऱ्याच्या चांगल्या अंगाला जोडून तिसरें उभें राहतें. शिवण निऱ्यांत लपेल अशी घालण्यांत कसब असे. तें ज्या बाईला साधे, तिच्या घरची ओढ शेजाऱ्यांना कळत नसे.

दंडाचेंहि आयुष्य संपलें म्हणजे लुगड्याचें जुनेर होतें. मराठींत जुन्या लुगड्याला स्वतंत्र शब्द असावा, आणि तो तुच्छतेचा नसून बराचसा मायेचा असावा, ही मला मोठी अर्थपूर्ण गोष्ट वाटते. जुनेराचे पुढचे मार्ग ठरलेले. त्याच्यांतून धाकट्या मुलीचा परकर निघे, तान्ह्याचें झबलें आणि दुपटें निघे. घरांत बाळंतपण यावयाचें असलें म्हणजे जुनेरें दोन-तीन महिने आधींपासून बाजूला पडत, कारण नव्या कापडाची खळ कोंवळ्या अंगाला टोंचते. शंभर वेळां धुतलेल्या सुती कापडाइतकें मऊ कापड कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. पुरुषांच्या धोतराचीं फडकीं होत, सदऱ्याच्या पाठीचा तुकडा चोळीला अस्तर म्हणून लागे. अगदीं विरून गेलेलें कापड चुलीजवळ पोतेरें म्हणून जाई. यांतून जें उरे, म्हणजे नेसावयास निरुपयोगी पण टाकावयास अद्याप धड, त्याची वाकळ.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाकळ म्हणजे चिंध्यांचें गांठोडें नव्हे. तिला रचना असते. वरचा आणि खालचा थर धड जुनेराचा लागतो. अंगाला तोच लागतो आणि धुण्याचा मारहि त्यालाच सोसावा लागतो. मधल्या पोटांत मात्र कांहींहि चालतें : सदऱ्यांच्या बाह्या, टोपीचीं अस्तरें, परकरांचे घेर, मुलांच्या चड्ड्या. हे तुकडे एकावर एक येऊन उंचवटा होऊं नये म्हणून ते कडेला कड भिडवून मांडावे लागतात. इरकली लुगड्याचें अंग विरलें तरी कांठ टिकतो, कारण तो दाट विणीचा असतो. तो जपून उसवून वाकळीच्या चारी कडांना दुमडून लावतात. घरांतल्या प्रत्येकाच्या अंगावरचें कापड त्या एका चौकोनांत येऊन बसतें, हें खरें. परंतु शिवणाऱ्या बाईचें लक्ष आठवणींपेक्षां थर सपाट बसला कीं नाहीं इकडेच अधिक असतें.

शेताचीं कामें संपलेलीं असतात आणि पाऊस लागावयाचा असतो, तो उन्हाळ्याचा काळ वाकळ शिवण्याचा. ओसरीवर किंवा देवळाच्या सावलींत थर पसरतात, चारी कोंपऱ्यांवर दगड ठेवतात, मोठाले कच्चे टांके घालून थर जागच्या जागीं धरतात, आणि मग कडेपासून आंत, चौकोनांत चौकोन, असा धावदोरा फिरूं लागतो. दोघी-तिघी निरनिराळ्या बाजूंनीं बसतात. सुई जाड, दोरा दुपदरी.

हिशेब करूं म्हटलें तो हा. चार हात लांब आणि तीन हात रुंद अशी एक बेताची वाकळ घ्या. हात म्हणजे दीड फूट, आणि एका हाताचीं अंगुळें चोवीस. दोन ओळींत एक अंगुळ अंतर ठेवलें तर तीन हातांच्या रुंदींत बहात्तर ओळी बसतात. चौकोनांत फिरवल्या तरी बेरीज तीच येते. प्रत्येक ओळ चार हातांची. एकंदर शिवण झाली दोनशें अठ्ठ्यायशीं हात, म्हणजे १४४ वार. अंगुळाला तीनच टांके धरले तरी वीस हजारांवर टांके होतात. नेमकें सांगावयाचें तर २०,७३६. आणि प्रत्येक टांका सहा-सात थरांतून आरपार ओढावा लागतो. बोटाच्या टोंकाला घट्टा पडतो तो उगीच नव्हे.

वाकळ फुकटांत होते असें आपण सहज म्हणतों. कापड फुकट, दोरा दोन-चार आण्यांचा, मग खर्च कुठला? वर सांगितलेल्या वीस हजार टांक्यांची किंमत शून्य धरली तरच हें विधान खरें ठरतें. १९२० नंतरच्या दशकांत मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसानें सोलापुरांतल्या गिरणी-कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. पुढें धनंजयराव गाडगिळांनीं या शहराचा जो सामाजिक व आर्थिक अभ्यास केला तो १९६५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. असलीं कामें फार मोलाचीं आहेत. पण घरखर्चाच्या तक्त्यांत ‘कपडे’ या सदरांत येतें तें विकत घेतलेलें कापड. जें कापड घरांत तीनदां नव्यानें जन्माला आलें, त्याला पैशाच्या हिशेबांत जागा नाहीं. कामगाराच्या पगाराच्या तुटपुंजेपणाला जी भर पडत होती, ती सुईच्या टोंकावरून पडत होती. आणि ती मोजली जात नव्हती म्हणूनच तो पगार पुरतो असें भासत होतें. हा माझा निष्कर्ष कोणास कडवट वाटेल, पण मला दुसरा निघतांना दिसत नाहीं.

वाकळीला गादीची गरीब बहीण म्हणावें, तर तेंहि पुरतें खरें नाहीं. गादीला आणि उत्तरेकडच्या रजईला कापूस लागतो, तो पिंजणारा पिंजारी लागतो, दर कांहीं वर्षांनीं तो पुन्हां पिंजावा लागतो. वाकळींत कापसाचें एक बोंडहि नसतें. ती ओली झाली तर वाळते, मळली तर धुतां येते. घटस्थापनेच्या आधीं घरांतलें सारें अंथरूण-पांघरूण धुवावयाची जी आपली चाल आहे, ती गादीला लागू पडत नाहीं; वाकळीला पडते. सोलापूरचा उन्हाळा सांगावयास नको. तेथें थंडीसाठीं जाड पांघरूण वर्षांतून फार थोडे दिवस लागतें. वाकळ तेथें मुख्यतः शहाबादी फरशी आणि पाठ यांच्यामध्यें असते.

या सगळ्याला एक लाजेची बाजू आहे, ती टाळून पुढें जाणें बरें नव्हे. आपल्या भाषेंत चिंधी हा शब्द माणसाला लावला तर ती शिवी होते. ठिगळ दिसूं नये म्हणून गरीब घर जिवापाड धडपडतें, आणि मध्यम स्थितींतलें घर त्याहून अधिक. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यांतच आहे. तेथें धर्मशाळा बांधणारे गाडगे महाराज अंगावर चिंध्यांचाच वेष वागवीत, आणि लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. १९५६ सालीं ते वारले. लाखों रुपयांच्या इमारती उठविणाऱ्या माणसानें ठिगळ उघड्यावर मिरवावें, हें त्यांच्या शिकवणुकीचेंच एक अंग होतें. परंतु हें धैर्य साधूला शोभतें. चार मुलांच्या आईला तें परवडत नाहीं. तिच्या मुलाला शाळेंत जावयाचें असतें.

दुसऱ्या महायुद्धांत ही लाज कांहीं काळ सर्वांनींच वांटून घेतली. लष्कराची मागणी वाढली, बाहेरचें कापड आटलें, साठेबाजांनीं हात धुऊन घेतले, आणि १९४३ च्या मध्याला कापडाचे भाव युद्धापूर्वींच्या चौपटीहून वर गेले. त्या वर्षाच्या जून महिन्यांत सरकारनें कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढला. गिरण्यांना कापडावर किंमत छापण्याची सक्ती झाली. जानेवारी १९४८ मध्यें नियंत्रण उठलें, तों भाव असे भडकले कीं त्याच वर्षीं तें पुन्हां बसवावें लागलें. या पांच वर्षांत ज्या सुशिक्षित घरांनीं दंड घालणें सोडून दिलें होतें, त्यांनीं तें पुन्हां आरंभिलें. विलायतेंतहि हाच प्रकार. तेथें १ जून १९४१ पासून कपडे कुपनांवर गेले, ते मार्च १९४९ पर्यंत. आणि १९४३ सालीं सरकारनें ‘आहे त्यांत भागवा, दुरुस्त करा’ अशा अर्थाच्या नांवाची एक पुस्तिका छापून गृहिणींना ठिगळें कशीं लावावीं तें शिकविलें. आपल्याकडे अशी पुस्तिका निघाली असती तर ती शिकवावयास विद्यार्थिनी शोधाव्या लागल्या असत्या.

येथें शिवणयंत्राचा प्रश्न येतो. यंत्रानें हा सगळा शीण वांचावयास हवा होता. यंत्रांवर कडाडून टीका करणाऱ्या गांधीजींनींहि १९२४ सालीं सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. हातशिवणीच्या कंटाळवाण्या श्रमांतून बायकोला सोडवावें या प्रेमापोटीं तें यंत्र निघालें, असें त्यांचें म्हणणें. रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनानें शिवणकाम हें निराधार स्त्रियांच्या पोटापाण्याचें साधन केलें, आणि सेवासदनाचें काम पुढें सोलापुरासहि पोहोंचलें. यंत्रानें पोलकीं शिवलीं, सदरे शिवले, कित्येक विधवांची घरें सावरलीं. त्याचें ऋण मोठें आहे. मात्र वाकळ त्याला वळली नाहीं. घरगुती यंत्राच्या दाबपट्टीखालून सात थरांची घडी सरकत नाहीं, आणि मधोमध शिवण घ्यावयाची तर बाकीचें ओझें यंत्राच्या अरुंद गळ्यांत मावत नाहीं. तेव्हां ज्या घरांत यंत्र आलें, तेथेंहि वाकळीला दाभणाएवढी सुईच लागत राहिली. ज्यांना वेळ नव्हता किंवा ज्यांचीं बोटें थकलीं होतीं, त्या मजुरीवर शिवून घेऊं लागल्या.

सोलापूरच्या घरांची खरी परीक्षा झाली ती १९४९ सालीं. कारभारांतल्या गोंधळामुळें जुन्या गिरणीच्या संचालकांनीं २७ जुलै रोजीं कामगारांना नोटीस दिली आणि २७ ऑगस्टला गिरणी बंद केली. हजारों कुटुंबांची चूल तिच्यावर होती. पुढें जानेवारी १९५० मध्यें सरकारनें वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हातीं घेतला. भागीदारांनीं त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली, आणि १९५० व १९५३ सालचे ते निकाल आज कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो. मालमत्तेचा हक्क कोठें संपतो आणि सरकारचा अधिकार कोठें सुरू होतो, याचा तेथें मोठा खल झाला. पहिल्या खटल्यांत घटनेच्या चौदाव्या कलमाची जी चर्चा झाली, ती तर फारच गाजली. पण बंद दरवाजाबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या घरीं त्या दिवाळींत काय नेसलें गेलें असेल, तें जाणण्यास निकालपत्र लागत नाहीं. १९६३ सालीं जुनी गिरणी कायमचीच थांबली. बाकीच्या मोठ्या गिरण्याहि शतक पालटण्याच्या सुमारापर्यंत एकेक करून थंडावल्या.

गिरण्या गेल्या, चादर राहिली. जॅकार्डवर विणलेली, दोन्ही बाजूंनीं नक्षी दिसणारी, धुण्याला दणकट अशी ही चादर आधीं हातमागावर आणि मग यंत्रमागावर निघूं लागली. २००५–०६ सालीं तिला भौगोलिक उपदर्शनाची सरकारी नोंद मिळाली. महाराष्ट्रांत हा मान तिला सर्वांच्या आधीं मिळाला. स्वस्त आणि टिकाऊ चादर घरोघर आल्यावर वाकळ नाहींशी व्हावयास हवी होती. झालें उलटेंच. चादरहि दहा-पंधरा वर्षांनीं मधोमध विरते, आणि विरलेली चादर इतकी जाड असते कीं वाकळीच्या पोटांत तिचा एक थर जुनेराच्या तीन थरांचें काम करतो. ज्या चादरीखालीं वाकळ लपविली जात होती, ती अखेर तिच्याच आंत जाऊन बसली.

परदेशांत अशाच कामाला अलीकडे केवढी किंमत आली आहे पहा. अमेरिकेंतल्या अलाबामा राज्यांत गीज बेंड नांवाचें एक खेडें आहे. तेथल्या कृष्णवर्णीय बायकांचे पूर्वज कापसाच्या मळ्यांवर गुलाम होते. त्या बायकांनीं शेतांत घातलेल्या जुन्या तुमानी आणि सदरे फाडून थंडीसाठीं गोधड्या शिवल्या. २००२ सालीं त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर चित्रांप्रमाणें टांगल्या गेल्या, आणि २००६ सालीं त्यांचीं टपालाचीं तिकिटें निघालीं. आपल्याजवळ, उत्तर कानडा जिल्ह्यांतले सिद्दी लोक कवंद शिवतात. तिच्या कोंपऱ्यांवर कापडाचीं लहान फुलें बसवलीं नाहींत तर ती नागवी समजतात. बंगालच्या कांथेची कीर्ति तर सर्वश्रुत आहे. सोलापूरच्या वाकळीवर नक्षी कमी, रंगांची जुळणी बहुधा योगायोगाची. संग्रहालयांत ती कितपत शोभेल याविषयीं मला शंका आहे. परंतु गीज बेंडची तुमान आणि सोलापूरच्या साळखात्यांतल्या माणसाचा सदरा यांत फरक तो किती?

सध्यां सोलापुरांत शाळांचे गणवेश शिवण्याचा धंदा जोरांत आहे. त्याच्या कापणींतून निघणाऱ्या चिंध्या वजनावर विकल्या जातात, आणि निळ्या-खाकी चौकड्यांच्या वाकळी आतां दिसूं लागल्या आहेत. अडचण आहे ती धाग्याची. कृत्रिम धाग्याचें कापड झिजत नाहीं, म्हणून मऊहि पडत नाहीं. तें घाम शोषीत नाहीं, आणि थर एकमेकांवरून निसटतात, त्यामुळें धावदोरा सरळ बसत नाहीं. सुती नऊवारी नेसणाऱ्या बायका आतां थोड्या उरल्या आहेत, आणि जुनेर होण्याजोगीं लुगडीं त्याहून थोडीं. मजुरीवर वाकळ शिवणारी बाई आपण आणलेलें गांठोडें सोडते, एकेक कापड मुठींत चुरगळून पाहते, आणि वरच्या व खालच्या थरासाठीं दोन तरी सुती जुनेरें आहेत का, हें आधीं विचारते.